रसायनाचे आचार्य : प्रफुल्लचंद्र राय



आपल्या केडगावपासून नगरचा भुईकोट किल्ला काही दूर नाही. 1942 मध्ये तेथे पंडित नेहरू आणि मौलाना आझाद बंदिवासात होते, हे आपण जाणताच. त्याच बंदिवानांत बंगालचे डॉ. प्रफुल्लचंद्र घोष होते आणि ते रसायनज्ञ होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. रसायनशास्त्र म्हणजे पाठ करावयाची सूत्रे नव्हेत, त्याचा देशाशी, भाषेशी, इतिहासाशी संबंध आहे, ही जाण बंगालमध्ये ज्यांनी रुजविली, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची येथे ओळख करून देत आहे.

राय यांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी राडुली या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र फारसीचे चांगले जाणकार. हाफिजचे काव्य त्यांना फार प्रिय. कलकत्त्याला हेअर स्कूलमध्ये शिकत असता मुलाला आमांशाने गाठले आणि शाळा सुटली. आपण म्हणालो असतो, पोराची वर्षे वाया गेली! परंतु त्या मुलाने त्या काळात इतिहास, थोरांची चरित्रे आणि इंग्रजी साहित्य मनसोक्त वाचून काढले. साहित्याची ती गोडी त्यांना जन्मभर पुरली. उतारवयात या रसायनज्ञाने शेक्सपिअरवर लेख लिहिले.

1882 मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले व 1887 मध्ये डी.एस्सी. झाले आणि त्यानंतर परतले. पदवी साहेबांच्या तोडीची. परंतु वरच्या श्रेणीची दारे हिंदी माणसाला जवळजवळ बंद होती. 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना दरमहा 250 रुपयांची दुय्यम जागा मिळाली.

खरे काम येथून पुढचे. नावाजलेले प्राध्यापक सहसा वरचे वर्ग मागून घेतात. राय यांनी हायस्कूलमधून नुकतीच आलेली मुले स्वतःकडे घेतली, कारण मन घडते ते याच वयात, अशी त्यांची खात्री होती. पाठ्यपुस्तक वाचून दाखविण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. आधी प्रयोग, मग त्याचा अर्थ. हाड जाळले की त्यातील मांसल भाग जळून जातो व मागे उरते ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी राख. ही राख ते वर्गातच तोंडात टाकीत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. हाडाला शिवणेही विटाळ मानणाऱ्या घरांतील मुले समोर बसलेली! पदार्थ एकदा शुद्ध झाला की तो कोणाचा होता हा प्रश्नच उरत नाही, हा धडा त्या मुलांना कोणत्या पुस्तकाने दिला असता?

प्रयोगाबरोबर ते इतिहास सांगत. प्रीस्टली, लाव्हाझिए, शील यांच्या आयुष्यातील धडपड ऐकली की ऑक्सिजन हा वायू मुलांना परका वाटत नसे. त्यांनी स्वतः प्राचीन पोथ्या धुंडाळून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास 1902 व 1909 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. आपणही घरी मुलांना विचारून पाहा : किमया हा शब्द कोठला? तो अरबीतून आला. जाबिर इब्न हय्यान यांची विद्या तीच. तेजाब व नवसागर हे शब्द फारसीकडून आले. आपल्या बोलीतच अर्धा इतिहास पडून आहे, आणि आपली मुले मात्र व्याख्या घोकतात व प्रयोगवही दुसऱ्याची पाहून भरतात. विज्ञान मातृभाषेतून शिकवावे, असा राय यांचा आग्रह होता.

1896 मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट या नव्या संयुगाचे संशोधन प्रसिद्ध केले. औषधे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी बेंगाल केमिकल हा कारखाना उभारला. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचेच विद्यार्थी. नामदार गोखले त्यांचे शेजारी व स्नेही. गांधीजी 1901-02 च्या सुमारास गोखल्यांकडे उतरले असता गोखल्यांनी राय यांची ओळख करून दिली. आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते लोककार्याला देतात, असे त्यांनी गांधीजींना सांगितले.

1916 मध्ये ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले. 1921 मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर पुढचा सगळा पगार त्यांनी विद्यापीठाच्या रसायन विभागाला देऊन टाकला. लग्न केले नाही, घर बांधले नाही. कॉलेजातल्याच एका खोलीत ते राहिले आणि 16 जून 1944 रोजी वारले.