स्वामी रामानंद तीर्थ : सत्तांतर आणि समाजपरिवर्तन

राजा गेला म्हणजे मूठभरांची सत्ता संपते का? हा प्रश्न मनात ठेवून तुम्ही पुढील चरित्र वाचावे.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काही काळ काम केल्यावर ते किल्लारीच्या परिसरातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमिनीवर जागीरदार-देशमुखांची पकड होती. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याला हक्क मागता येत नाही. म्हणून स्वामीजींच्या कार्याचा आरंभ शाळेपासून झाला, हे लक्षात घ्या. हिप्परग्यानंतर अंबाजोगाई हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात आणि पुन्हा ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांना कारावास घडला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली.

१९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. तरीही भूमिहीन बहुतांशी भूमिहीनच राहिले. शिवाय चळवळीचे नेतृत्वही प्रामुख्याने वकील-शिक्षकांसारख्या सुशिक्षितांकडेच होते. तेच पुढे सत्तेत आले. स्वामीजी १९५२ व १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, नंतर मात्र निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

आता किल्लारीकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जाड दगडी भिंतींची घरे जमीनदोस्त केली. पुनर्वसित गावांत घरांचे आकार जमीनधारणेनुसार ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकांना २५० चौरस फूट, सात हेक्टरांवरील धारकांना ७५० चौरस फूट. भूकंपाने भिंती पाडल्या; सातबाऱ्यावरील उतरंड नव्या गावातही उभी राहिली.

यावरून असे म्हणता येईल की, सत्ता व्यक्तीत नसून जमीन, भाषा आणि शिक्षण या साधनांत वसते. राज्यकर्ता एका दिवसात बदलतो. साधनांच्या वाटणीला पिढ्या लागतात. स्वामीजींनी शाळेपासून सुरू केलेले काम म्हणूनच अपुरे असले, तरी निष्फळ नाही. घर-शेत सांभाळून ही पुस्तिका वाचणारे तुम्हीही त्याच कामाचा भाग आहात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या गावात जमीन, शिक्षण आणि पदे कोणाकडे आहेत? गेल्या दोन पिढ्यांत त्यांत कोणता बदल झाला, ते दहा ओळींत लिहा.