लोटसची पहिली गाडी

बाईक विकून जुनी गाडी उभी करावी का, हा प्रश्न हॉस्टेलमध्ये दरवर्षी कुणाला तरी पडतोच. त्याच्यासाठी कॉलिन चॅपमनची ही गोष्ट.

चॅपमनचा जन्म 1928 चा, इंग्लंडमधला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकताना तो मित्राबरोबर सेकंड-हँड गाड्यांचा धंदा करायचा. 1947 मध्ये सरकारने खाजगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं आणि धंदा बसला. मिळेल त्या भावात गाड्या विकल्या. एक ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली. मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने तिची जुनी बॉडी काढून टाकली आणि प्लायवूड-ॲल्युमिनियमची हलकी बॉडी बसवली. 1948 मध्ये ती पहिली लोटस झाली.

स्वतःच्या हातची पहिली गाडी! कुणीही जिवापाड जपली असती. त्याने मात्र 1950 मध्ये ती विकून टाकली, कारण डोक्यात पुढच्या गाड्या होत्या. 1952 मध्ये हेझलकडून 25 पौंड उसने घेऊन कंपनी काढली. 1963 मध्ये जिम क्लार्क लोटस चालवूनच फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. 1982 मध्ये चॅपमन गेला. 2018 मध्ये कंपनीने ती पहिली गाडी शोधून द्या, असं जगभरातल्या चाहत्यांना आवाहन केलं!

तेव्हा बाईक विकायची तर खुशाल विका. फक्त घेतलेली गाडी पुरी करा. नाहीतर बाईकही गेली आणि गाडीही विटांवर, असं व्हायचं!