अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे चिंतामणराव

२ ऑक्टोबर हा दिवस महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री यांच्या जयंतीचा. याच दिवशी १९८२ मध्ये हैदराबाद येथे एका मराठी अर्थतज्ज्ञ प्रशासकाने जगाचा निरोप घेतला, याचे स्मरण मात्र फारसे कुणाला राहत नाही. ते प्रशासक म्हणजे डॉ. चिंतामणराव द्वारकानाथ ऊर्फ सी. डी. देशमुख.

रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात मात्र त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले. १९१८ मध्ये लंडन येथे झालेल्या आयसीएस परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक सोडला नाही.

त्यानंतरची सुमारे दोन दशके मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनात गेली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले आणि अवघ्या चार वर्षांत, ऑगस्ट १९४३ मध्ये, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर बनले. महायुद्धाचा तो काळ होता. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. याच परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली. फाळणीनंतर दोन देशांमध्ये बँकेची मालमत्ता आणि देणी वाटून देण्याचे नाजूक काम त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही सूत्रे त्यांच्याच हाती होती.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक घडी त्यांनी बसविली. इम्पीरियल बँकेचे १९५५ मध्ये स्टेट बँकेत झालेले रूपांतर आणि १९५६ मधील आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे निर्णयही त्यांच्याच काळातले.

मात्र, त्यांची खरी कसोटी लागली ती मुंबईच्या प्रश्नावर. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटून उठले. पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. अखेर जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेतील निवेदनात त्यांनी निर्णयप्रक्रियेवर थेट टीका केली. आयुष्यभर सरकारी शिस्तीत वाढलेल्या, चळवळीच्या राजकारणापासून दूर राहिलेल्या या माणसाने देशातील एक सर्वोच्च पद सोडले, ही बाब महाराष्ट्राच्या मनावर कायमची कोरली गेली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

पद गेले तरी लोकसेवेत खंड पडला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार १९५९ मध्ये, तर पद्मविभूषण किताब १९७५ मध्ये त्यांना लाभला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली. त्यात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

१९५३ मध्ये त्यांचा विवाह घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या समाजसेविका दुर्गाबाईंशी झाला. आकडेमोडीच्या व्यापातही संस्कृतचा लळा सुटला नाही; कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. सनदी सेवेची वाट धरणाऱ्या तरुणांपुढे त्यांनी ठेवलेला धडा साधा आहे. पदाची जबाबदारी निष्ठेने पार पाडावी आणि सदसद्विवेकाला पटेनासे झाले, की ते पद शांतपणे सोडावे.