टिळकांचे १९० खिळे आणि मोबाइलमधला 'ऱ'

लोकमान्य टिळकांचा १ ऑगस्ट हा स्मृतिदिन. स्वराज्य, गणेशोत्सव आणि मंडालेचा तुरुंगवास यांसाठी त्यांचे स्मरण होते. छापखान्यात मराठी अक्षरे कशी बसवायची, हा प्रश्नही त्यांनी हाती घेतला होता. तोच प्रश्न आज वेगळ्या रूपात मोबाइलमध्ये आहे.

लातूरशी संबंध काय?

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक गणित घेऊन १८७७ मध्ये बी.ए. झाले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पगार थांबला आणि वृत्तपत्रांवर कर्ज होते. उत्पन्नासाठी त्यांनी पुण्यात कायद्याचे वर्ग घेतले आणि भागीदारीत लातूरला कापसाचा जिनिंग कारखाना काढला. लातूर, नांदेडचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

खिळ्यांची अडचण कोणती?

तेव्हा शिशाचे खिळे हाताने जुळवून मजकूर छापत. इंग्रजीला थोडे खिळे पुरत. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून ते कित्येकशे लागत. जितके खिळे, तितके खण, आणि जुळाऱ्याचा वेळही तितकाच. 'केसरी'त १९०४ पासून ही संख्या कमी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यातून पुढे आलेला सुमारे १९० खिळ्यांचा संच टिळकांच्या नावाने ओळखला गेला. प्रत्येक जोडाक्षराचा वेगळा खिळा पाडायचा की तुकडे जोडून अक्षर तयार करायचे, हा त्यातला मूळ प्रश्न. १९०८ ते १९१४ टिळक मंडालेत होते. १९२० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

संगणकाने काय केले?

संगणकात खिळ्याऐवजी प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या. जोडाक्षरांना त्यात वेगळे क्रमांक नाहीत. अक्षर, हलन्त, अक्षर असे क्रमांक ओळीने साठवले जातात आणि जोडाक्षर पडद्यावर फाँट घडवतो.

ग्रीक लिपीपुढेही असाच पेच होता. तिथे स्वरावर आघाताची खूण येते. खुणेसकट अक्षराला एक क्रमांक द्यायचा की अक्षर आणि खूण वेगळी ठेवायची? युनिकोडने दोन्ही वाटा ठेवल्या आणि त्या समान मानायचा नियम केला.

मराठीत पेच कुठे उरला?

'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्यात 'र', दुसऱ्यात 'ऱ'. युनिकोडमध्ये 'र'चा क्रमांक ०९३०, 'ऱ'चा ०९३१. 'ऱ', हलन्त आणि 'य' मिळून 'ऱ्य' होतो. मात्र 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य' असे टाइप केले तरी पडद्यावर तोच 'ऱ्य' दिसतो. इथे मात्र ग्रीकसारखा समानतेचा नियम लागू नाही. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन.

याचा फटका शोधताना बसतो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द यादीत एका पद्धतीने आणि शोधचौकटीत दुसऱ्या पद्धतीने लिहिला गेला, तर नोंद असूनही ती सापडत नाही, असे होऊ शकते. 'ॲ'चेही तसेच. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात तो वेगवेगळ्या प्रकारे जुळवलेला आढळतो.

उपाय काय?

कीबोर्डवरचा स्वतंत्र 'ऱ' वापरावा. नोंद मिळाली नाही, तर 'शेतक' एवढेच टाइप करून शोधावे. मराठी संकेतस्थळे आणि याद्या तयार करणाऱ्यांनी दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय ठेवली, तर वाचकाला ही कसरत करावी लागणार नाही.