थकव्याचे दोन चेहरे

५ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसच्या सॉर्बाँ विद्यापीठातील सभागृह खचाखच भरले होते. सहा महिन्यांपूर्वी पिएर क्युरी घोडागाडीखाली सापडून गेले होते. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी मारी क्युरी शिकवायला उभ्या राहिल्या. प्रास्ताविक न करता, पिएर यांचा विषय जिथे थांबला होता तिथूनच त्यांनी सुरुवात केली. या विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला. घरी नऊ वर्षांची इरेन, जेमतेम दोन वर्षांची एव्ह आणि वृद्ध सासरे होते.

थकवा मात्र त्याआधीपासूनच सोबतीला होता. १८९८ पासून गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून ढवळणे, १९०० पासून सेव्हर येथील मुलींच्या महाविद्यालयात अध्यापन आणि शिवाय संसार. १९०३ मध्ये गर्भपात झाला. त्याच वर्षी नोबेल मिळाले, पण प्रकृती आणि शिकवण्याचे काम यांमुळे दोघांना स्टॉकहोमला जाता आले नाही. ते गेले थेट १९०५ मध्ये. अतिश्रम, असेच या थकव्याचे निदान होत राहिले.

विरंगुळा त्यांना ठाऊक नव्हता, असे नाही. १८९५ मध्ये लग्नाच्या आहेराच्या पैशांतून घेतलेल्या सायकलींवर हे जोडपे फिरले. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील लार्कुएस्त गावी सॉर्बाँचे प्राध्यापक जमत. तिथे मारी समुद्रात पोहत, पन्नाशीनंतरही.

१९११ मध्ये दुसरे नोबेल मिळाले आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांनी त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले. मन खचले, मूत्रपिंडाचे दुखणे बळावले, १९१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सुमारे वर्षभर प्रयोगशाळा सुटली. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ मैत्रीण हर्था एर्टन यांच्याकडे त्यांनी विश्रांती घेतली. १९१३ च्या उन्हाळ्यात त्या आइनस्टाइन यांच्यासोबत स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी भटकत होत्या. ताण आणि दुःखातून आलेला थकवा विश्रांतीने, माणसांच्या सोबतीने ओसरला.

दुसरा थकवा ओसरणारा नव्हता. रेडियम हाताळून बोटांची टोके भाजली होती. पहिल्या महायुद्धात क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन त्या आघाडीवर गेल्या, तेव्हाही पुरेसे संरक्षण नव्हते. १९२० नंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, कानांत आवाज येऊ लागले. १९३४ मध्ये ताप आणि अशक्तपणा वाढला. क्षयरोगाच्या संशयावरून त्यांना आल्प्समधील आरोग्यधामात नेले. तिथे रक्त तपासल्यावर खरे दुखणे कळले: अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करेनाशी झाली होती. या ॲप्लास्टिक ॲनिमियाने ४ जुलै १९३४ रोजी, ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अनेक वर्षांच्या किरणोत्सर्गाने मज्जेला इजा झाली होती.

सुट्टी आणि छंद ताण हलका करतात. कामाच्या जागेतला धोका त्यांनी दूर होत नाही. शिकवणे, संशोधन आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा थकवा आजही 'दगदग' म्हणून सोडून दिला जातो. पुरेशा विश्रांतीनंतरही तो दोन-तीन आठवडे टिकला, धाप लागली, वारंवार ताप आला किंवा अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग उठले, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय, थायरॉइड आणि मधुमेह या थकव्याच्या नेहमीच्या कारणांचा शोध साध्या रक्ततपासणीतून लागतो. डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूपही जरूर सांगावे. कधी कधी निदान तिथेच दडलेले असते.