पुण्यश्लोक अहल्याबाई : हातातले आणि हाताबाहेरचे

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. शरीररूपी अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दृष्टी नाही, असेही तेथेच म्हटले आहे. या प्रकरणाचे विवरण करताना बहुधा सारा भर अहंकार सोडण्यावर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु पाचांत एक का होईना, कर्त्याला स्थान आहे, ही गोष्ट मात्र नजरेआड होते. दुःखाने गांजलेल्या गृहस्थाला या दुसऱ्या गोष्टीचीच अधिक गरज असते. इंदूरच्या देवी अहल्याबाई होळकर यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १७२५ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह होऊन त्या बालवयातच माळव्यात आल्या. मालेराव व मुक्ताबाई ही त्यांची दोन अपत्ये. १७५४ साली सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध सासऱ्यांनी काकुळतीने विनवून त्यांना मागे फिरवले.

येथपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक आहे. मल्हाररावांनी पुढे जे केले त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शोकाकुल सुनेला त्यांनी नुसते सांत्वनाचे शब्द ऐकवून अंतःपुरात बसवून ठेवले नाही. तिच्या हाती काम दिले. जमाखर्च, रसद, तोफखान्याची तयारी, फौजेची पाठवणी अशा एकेक जबाबदाऱ्या ते स्वारीवरून पत्रे धाडून सोपवीत गेले. १७६५ च्या सुमारास तर तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कसे जावे, वाटेत कोणती व्यवस्था ठेवावी, हे ते सुनेला लिहीत होते. आधुनिक मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट निराळ्या वाटेने शोधली आहे. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या दोन विदुषींनी एका वृद्धाश्रमातील काही रहिवाशांना एकेक रोपटे सांभाळावयास दिले आणि दिनक्रमातील लहानसहान निर्णय त्यांच्याकडेच ठेवले. ज्यांचे सर्वकाही सेवकच करीत होते त्यांच्यापेक्षा हे वृद्ध अधिक उल्हसित व जागरूक आढळले. मल्हाररावांना असला कोणताही प्रयोग ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु रिकाम्या हातांना शोक अधिक जड होतो, एवढे त्या रांगड्या सरदाराला उमगले असावे.

१७६६ साली मल्हाररावही गेले. गादीवर आलेले मालेराव मनोविकाराने ग्रस्त होऊन १७६७ साली वारले. आईने रात्रंदिवस शुश्रूषा केली. पुत्र वाचला नाही. हीच संधी साधून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार आपल्या स्वाधीन करण्याचा घाट घातला आणि राघोबादादांना अनुकूल करून घेतले. अहल्याबाईंनी स्वच्छ नकार दिला. शिंदे, भोसले आदी सरदारांकडे त्यांनी पत्रे रवाना केली, फौज सज्ज ठेवली आणि स्त्रीवर विजय मिळवून दादांना कोणतेही भूषण लाभणार नाही, असे त्यांना कळविले. माधवराव पेशव्यांनी त्यांचाच पक्ष घेतला व तो प्रसंग टळला.

असा जय मिळाल्यावर सारी सत्ता मुठीत ठेवण्याचा मोह कोणासही झाला असता. बाईंनी फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकरांना दिले व राज्यकारभार आपल्याकडे ठेवला. ही वाटणी नेहमीच गोडीगुलाबीची होती असे मात्र नाही. मोहिमांच्या खर्चावरून उभयतांत वारंवार खटके उडत. तथापि ती व्यवस्था अखेरपर्यंत मोडली नाही.

नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांनी राजधानी नेली. त्यांच्या निधनानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील वृद्ध मंडळींना विचारपूस करून त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. सूर्योदयापूर्वी उठून स्नानसंध्या, ग्रंथश्रवण, दानधर्म. नंतर साधे भोजन व अल्प विश्रांती. दुपारी दोनपासून सायंकाळपर्यंत दरबार. पूजा व फराळानंतर पुन्हा रात्री नऊपासून अकरापर्यंत कामकाज. ज्या घरातील तीन पिढ्यांचे पुरुष तेरा वर्षांच्या आत गेले, त्या घरात हा क्रम चालला होता. सिरोंज येथील एका निपुत्रिक सावकाराच्या विधवेकडून दत्तकाच्या मंजुरीसाठी तेथील अंमलदाराने भारी रक्कम मागितली, तेव्हा बाईंनी अंमलदारास दूर करून दत्तक कायम केला. त्या विधवेचा पती परत आणणे कोणाच्या हाती नव्हते. तिचे घर तिच्या ताब्यात ठेवणे हाती होते. डोंगरातील भिल्लांना त्यांचा परंपरागत जकातीचा हक्क दिला, आणि वाटेच्या रक्षणाचा भारही त्यांच्यावरच टाकला. सोमनाथ, काशी, गया अशा क्षेत्रांचा जीर्णोद्धार तर सर्वश्रुत आहे. एका ब्राह्मणाने त्यांचे स्तुतिपर काव्य वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकले व ग्रंथ नर्मदेत टाकविला, असेही माल्कम सांगतो.

सर्वांत कठीण घडी १७९१ साली आली. नातू आधीच गेला होता. आता जामात यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. आईने पदर पसरला, पाय धरले. मुक्ताबाईंचे म्हणणे असे की आईचे वय झाले आहे, ती गेल्यावर आपल्याला कोण? सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या विनवणीने स्वतः मागे फिरलेल्या या मातेला आपली लेक मागे फिरवता आली नाही. ज्या रूढीने पोटच्या मुलीला हिरावून नेले ती रूढी निर्दयच होती, हे सांगताना कोणी संकोच करू नये. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते; ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांनी आकांत केला, आपल्याच हातांना चावे घेतले. पुढे तीन दिवस त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, अन्नाला जवळजवळ शिवल्या नाहीत.

हे तीन दिवस झाकून त्यांना पाषाणहृदयी योगिनी करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. स्थितप्रज्ञाला डोळे नसतात असे गीता कोठेही म्हणत नाही.

चौथ्या दिवसापासून त्या हळूहळू सावरल्या. कन्या व जामात यांच्या स्मरणार्थ सुरेख छत्री बांधविण्याचे काम त्यांनी काढले आणि दरबारही पूर्ववत सुरू झाला. तो आणखी चार वर्षे चालला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. दोन वर्षांनी तुकोजीही वारले, आणि त्यांच्या पुत्रांत गादीसाठी कलह माजला. महेश्वरचे घाट, काशीचे विश्वेश्वराचे मंदिर व गयेचे विष्णुपद आजही उभे आहेत.