कम्पायलर ‘एरर’ का देतो? मुळाशी आहेत बर्ट्रांड रसेल

सी शार्पमध्ये काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एका मेथडमध्ये नाव आणि वय एवढ्या दोनच प्रॉपर्टी असलेला ॲनॉनिमस ऑब्जेक्ट, म्हणजे ज्याच्या टाइपला नावच दिलेले नाही असा ऑब्जेक्ट, तयार केला. तिथल्या तिथे त्याचे वय मागितले तर मिळते. तोच ‘ऑब्जेक्ट’ या सर्वसाधारण टाइपखाली दुसऱ्या मेथडकडे पाठवला, की कम्पायलर अडवतो. वय मेमरीत असते, पण टाइप ठाऊक नाही, म्हणून प्रोग्राम चालण्याआधीच एरर.

आधी टाइप तपासा, मगच पुढे जा, हा विचार संगणकाच्याही आधीचा आहे. त्यामागे आहेत ब्रिटिश गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल.

रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समध्ये झाला. आजोबा ब्रिटनचे माजी पंतप्रधान. चार वर्षांचे होण्याआधीच आई-वडील गेले, आजीने वाढवले. अकराव्या वर्षी मोठ्या भावाने युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली. सुरुवातीची गृहीतके सिद्ध न करताच मान्य करायची, हे कळल्यावर हा मुलगा नाराज झाला. गणिताला भक्कम पाया हवा, ही ओढ तिथूनची.

१९०१ मध्ये त्याच पायाला तडा सापडला, आणि तो सापडला रसेल यांनाच. गावातला न्हावी, जे स्वतःची दाढी करत नाहीत त्या सर्वांची आणि फक्त त्यांचीच दाढी करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? ‘तो स्वतः’ म्हटले तरी अडते, ‘तो नाही’ म्हटले तरी अडते. रसेल यांचे कोडे असेच होते, फक्त न्हाव्याऐवजी संचांचे: जे संच स्वतःचे सदस्य नाहीत, त्या सर्वांचा संच स्वतःचा सदस्य आहे का?

जून १९०२ मध्ये त्यांनी हे जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांना पत्राने कळवले. फ्रेग यांच्या आयुष्यभराच्या कामाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. त्यांनी घाईने परिशिष्ट जोडून अडचण मान्य केली.

रसेल यांनी तोडगा काढला तो ‘टाइप्स’चा. वस्तू एका पातळीवर, वस्तूंचे संच त्यावरच्या, संचांचे संच आणखी वर. पातळ्यांची सरमिसळ करणारे वाक्य खरेही नाही आणि खोटेही नाही. ते निरर्थक, म्हणून मांडायचेच नाही. १९०८ मध्ये ही कल्पना सविस्तर आली. पुढे आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्यासह लिहिलेल्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड १९१० ते १९१३ दरम्यान निघाले. एक अधिक एक दोन, इथवर यायलाच साडेतीनशेहून अधिक पाने लागली! छपाईसाठी दोघांना प्रत्येकी ५० पौंड पदरचे घालावे लागले.

१९०५ चा त्यांचा एक निबंधही इथे आठवतो. नाव न घेता, केवळ गुणधर्मांवरून एखाद्या गोष्टीविषयी बोलता कसे येते, याचा तो विचार. ॲनॉनिमस ऑब्जेक्टशी याचे थेट नाते नाही, पण साम्य गमतीशीर आहे. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याने केंब्रिजमधली नोकरी गेली, १९१८ मध्ये तुरुंगवास झाला. ब्रिक्स्टन तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी हा विषय पुन्हा घेतला.

१९५० मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. अण्वस्त्रविरोधी आंदोलनामुळे १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते पुन्हा आठवडाभर तुरुंगात गेले. २ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान, १९४० मध्ये अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च यांनी टाइप्सची कल्पना सुटसुटीत करून आपल्या लॅम्डा कॅल्क्युलसला जोडली. प्रोग्रामिंग भाषांमध्ये टाइप्सचा जो अभ्यास होतो, त्याचा मोठा भाग यावर उभा आहे.

सी शार्पमध्ये ॲनॉनिमस टाइप २००७ मध्ये आले. ‘व्हार’ लिहिले की कम्पायलर टाइप स्वतः ओळखतो, पण त्या मेथडपुरताच. बाहेर प्रॉपर्टी हवी असेल तर टाइपला नाव द्यावे, म्हणजे साधा क्लास किंवा रेकॉर्ड करावा. २०१० मध्ये आलेले ‘डायनॅमिक’ वापरले तर कम्पायलर गप्प बसतो आणि तपासणी प्रोग्राम चालताना होते. प्रॉपर्टीचे स्पेलिंग चुकले असेल, तर ते तेव्हा कळते.